निम्नस्वाक्षरीकर नावाचा गृहस्थ

अर्जकाकांनी आयुष्यात नगरपालिकेला स्वतःच्या सहीने एकेचाळीस अर्ज केले. पहिले चाळीस गल्लीसाठी होते, त्यांना केराची टोपली मिळाली. एकेचाळिसावा स्वतःसाठी होता. तो नवव्या दिवशी फळाला आला आणि नेमकी त्याचीच बढाई काकांना सख्ख्या बायकोपुढेही मारता येईना.

काका म्हणजे निवृत्त हेडक्लार्क. अक्षर मोत्याचं आणि भाषा अशी, की वाचणाऱ्याने उठून उभं राहावं. शाळेच्या दाखल्यापासून नळजोडणीपर्यंत गल्लीतला प्रत्येक कागद त्यांच्या हातून गेलेला.

मग गल्लीचं सुशोभीकरण आलं. रस्त्यावर फरश्या आल्या, दोन कुंड्या आल्या (त्यांतली एक दुसऱ्याच दिवशी गेली), आणि काकांच्या निजायच्या खोलीच्या खिडकीसमोर उंच खांबावर नवा दिवा आला. तो इतका पांढरा, की डोळे मिटले तरी काकांना मिटल्याचं कळेना. पडदा दुहेरी केला, कूस बदलली, शेवटी लेखणी उचलली. कच्च्या मसुद्यात त्यांनी लिहिलं होतं, ‘दिव्यास छत्री बसवावी, अथवा...’ पण त्या ‘अथवा’ने वाक्य लंगडायला लागलं. काकांनी छत्री खोडली. ‘सदर दिव्यामुळे निम्नस्वाक्षरीकाराच्या निद्रेस बाधा येत असल्याने तो कायमस्वरूपी बंद करण्यात यावा.’ हं, आता कसं वाक्य ताठ उभं राहिलं!

वायरमन आला, शिडी लावून दिवा बंद करून गेला. काका पडद्याआडून बघत होते. छाती फुगली होती आणि मान खाली होती. दोन्ही एकदम करायला फार अवघड जातं.

पुढे त्याच सुशोभीकरणवाल्यांनी पाइप टाकायला गटाराचं झाकण काढलं आणि ते परत ठेवायचं विसरले. काकांनी ते पाहिलं होतं. बेचाळिसावा अर्ज मनात जुळतही होता. पण तो कागदावर उतरायच्या आधी, एका संध्याकाळी दिवेलागणीनंतर, गल्लीतल्या शिवणबाईचा पाय अंधारात त्या भोकात गेला. उजवं मनगट मोडलं. तिच्या घरी शाळेचे बत्तीस गणवेश कापून पडले होते.

तिसऱ्या आठवड्यात ती काकांकडे आली. उजवा हात गळ्यात, डाव्या हातात कागद.

“काका, दिवा का विझवला म्हणून मी भाच्याकडून पत्र टाकलं होतं. म्हटलं, तुम्हाला कुठे सारखा त्रास द्यायचा! हे बघा उत्तर.”

काका चष्मा शोधू लागले. तो डोळ्यांवरच होता.

“बाकी सगळं कळलं, पण हा मेला कोण ते कळेना. निम्नस्वाक्षरीकर! या आडनावाचं आपल्या गल्लीत कोणी नाही हो. मागच्या गल्लीतही विचारून आले. इस्त्रीवाला म्हणतो, कोपऱ्यावरचा नवा भाडेकरू असेल.”

“कुठलं गाव म्हणायचं हे, निम्नस्वाक्षरी?” काकू आतून म्हणाल्या. “तुम्ही हिंडलाय ना बदल्यांवर सगळीकडे? लागलं होतं का कधी वाटेत?”

काकांनी कागद वाचला. कुण्या कारकुनाने त्यांचं वाक्य जसंच्या तसं उतरवलं होतं. फक्त शेवटी ‘करण्यात यावा’चं ‘करण्यात आला आहे’ केलं होतं. आणि खाली सही होती नगरपालिकेच्या अभियंताबाईंची. काकांना पळवाट दिसली, चांगली दोन्ही दारं उघडी असलेली.

“अगं, ते आडनाव नाही. निम्न म्हणजे खाली. खाली सही करणारा.”

“आणि खाली सही कुणाची?” शिवणबाईने विचारलं.

काकांनी नुसतं बोट ठेवलं. खोटं एक अक्षर बोलले नाहीत. चौतीस वर्षांच्या नोकरीत ते हेच तर शिकले होते.

“म्हणजे त्या बाईची झोप मोडते म्हणून माझा हात मोडायचा? उद्याच जाते! काका, तुम्ही पण चला. तुम्ही असलात की बोलायला धीर येतो.”

रात्री ताटावर काकू एवढंच म्हणाल्या, “हल्ली झोप छान लागते नाही तुम्हाला?” काकांनी रिकामं भांडं तोंडाला लावलं आणि बराच वेळ प्याले.

अभियंताबाई वयाने काकांच्या धाकट्या सुनेएवढ्या. टेबलावर फायलींच्या दोन भिंती, मधल्या फटीत त्या. शिवणबाईने बसायच्या आतच तोफ डागली.

“मॅडम, तुम्ही झोपा हो सुखाने! पण आमच्या गल्लीच्या दिव्याने तुमचं काय घोडं मारलं होतं?”

“मी? मी तर गावाच्या त्या टोकाला राहते...” बाईंनी पत्र घेतलं, वाचलं आणि कानापर्यंत लाल झाल्या. “हे अर्जातलं वाक्य आहे. मी न वाचता सही केली. चूक माझी आहे, ताई. हाताचं कळलं असतं तर मी स्वतः आले असते.”

काकांना वाटलं, आता बोलावं. बाईंनी शिपायाला फाइल आणायला पाठवलं. जन्मभर काकांनी शिपायांच्या आळसाला शिव्या घातल्या होत्या. आज हा एवढा तडफदार कुठून निघाला, कोण जाणे! दोन मिनिटांत फाइल टेबलावर.

“अर्जदाराचं नाव दाखवता येत नाही,” असं म्हणत बाईंनी तळाशी हात ठेवला. “पण हे बघा, वाक्य तेच आहे.”

शिवणबाई वाकली. वाक्य तिने वाचलंच नाही. अक्षराकडे पाहत राहिली. तिच्या पोरीच्या प्रवेशाचा अर्ज, नवऱ्याच्या मृत्यूच्या दाखल्याचा अर्ज, सगळे याच अक्षरात होते. काका भिंतीवरचं कॅलेंडर पाहू लागले. त्यावर गेल्या वर्षीचा महिना होता.

“ओळखीचं आहे का अक्षर?” बाईंनी विचारलं.

“नाही,” शिवणबाई म्हणाली. “पण फार सुंदर आहे.”

तिने दोन थोबाडीत दिल्या असत्या तर काकांना बरं वाटलं असतं.

“दिवा लावायला काय करायचं?”

“अर्जदाराने हरकत नाही असं लिहून दिलं, की लगेच वायरमन पाठवते.”

जिना उतरून दोघं फाटकापर्यंत आली. शिवणबाई हाताच्या झोळीची गाठ डाव्या हाताने मानेवरून सरकवत होती, जमत नव्हतं. काकांनी हात पुढे केला. ती मागे सरली.

“मी इथे थांबते,” ती म्हणाली.

काका परत जिना चढले. कोरा कागद मागितला, उभ्यानेच चार ओळी लिहिल्या. अभियंताबाईंनी एकदा कागद पाहिला, एकदा फाइल पाहिली.

“तुम्हीच? मग मघाशी माफी मागत होते मी, तेव्हा इथेच बसला होतात ना तुम्ही?”

“बसलो होतो.”

बाईंनी समोरची फाइल मिटली. घंटी वाजवून त्यांनी काकांसाठी पाणी मागवलं.

गल्लीच्या तोंडाशी इस्त्रीवाल्याच्या टपरीपाशी पाचसहा जण वाटच बघत होते.

“काय झालं? दिली का साहेबिणीला?” एकाने विचारलं. “तिच्या घरासमोरच अंधार करायला पाहिजे!”

सगळ्यांनी शिवणबाईकडे पाहिलं. ती टपरीला टेकून उभी राहिली आणि चपलेतला खडा काढू लागली. खडा काही लवकर निघेना. तिला घाईही दिसत नव्हती.

“साहेबिणीचा काही संबंध नाही,” काका म्हणाले. “दिवा मी बंद करायला लावला. माझ्या झोपेसाठी. आणि काल हिला साहेबिणीचं नाव दाखवलं, तेही मीच.”

कोणी हसलं नाही. इस्त्रीवाल्याने इस्त्री उभी केली, मान पुढे काढली आणि कानाशी हात नेला. त्याला जरा कमी ऐकू येतं.

“काय म्हणालात काका? कोणी बंद केला?”

मग काकांना तेच सगळं पहिल्यापासून परत सांगावं लागलं, या वेळी ओरडून. दोन्ही बाजूंच्या खिडक्या एकेक करून उघडल्या.