हाताचं वळण

थोरलीला भरतकाम शिकवलं ते वडिलांनी, ती आठ वर्षांची असताना. त्यांची अट एकच होती : काल काढलेलं पान आज काढायचं नाही. पान तेच निघालं की ते चकार शब्द न बोलता दोरा उसवायचे आणि कापड परत तिच्या हातात द्यायचे. पहिले सहा महिने ती रडत शिकली. मग नवं पान आपसूक सुचायला लागलं, आणि वडिलांनी अट कधी सोडून दिली हे तिला कळलंही नाही.

धाकटीची पाळी येईपर्यंत वडिलांची नजर अधू झाली होती. तुला हवं ते काढ, म्हणाले. धाकटीनं पहिल्याच आठवड्यात एक वेल बसवली. ती लोकांना आवडली, तिलाही आवडली. पुढं तीस वर्षं तीच वेल, उशांवर, पडद्यांवर, झबल्यांवर. तिचं दुकान चाललं, घर भरलं.

थोरली एकटीच राहिली आणि कपड्यांच्या कारखान्यात लागली. लहान मुलींच्या फ्रॉकच्या खिशावर हातानं एक फूल भरायचं, नमुन्याबरहुकूम. दहा फुलं झाली की तिची पाकळी भलतीकडेच वळायची. सुपरवायझरबाईंनी एकदा समजावलं, दोनदा खडसावलं. शेवटी गिऱ्हाइकाकडून अख्खा गठ्ठा परत आला. त्यात बाकावरच्या शेजारणींचंही काम होतं. दुसऱ्या दिवसापासून डबा खाताना बायकांनी तिच्याकडे पाठ केली.

रविवारी ती बहिणीकडे गेली. "मला तुझी वेल शिकव," म्हणाली.

दोघी दुपारभर शेजारी बसल्या. तिसऱ्या पानापाशी थोरलीचा हात निसटायचा. ती उसवायची, पुन्हा भरायची, पुन्हा ये रे माझ्या मागल्या. धाकटीनं तिच्या हातातून सुई काढून घेतली.

"ताई, मला कुणी अडवलंच नाही गं. म्हणून मी पहिल्याच वेलीवर अडकले. मला तुझा फार हेवा वाटायचा."

आयुष्यभर धाकटीचा हेवा करत आलेली थोरली मांडीवरचे उसवलेले दोरे एकेक करून वेचू लागली.

कारखान्यानं तिला काढलं नाही. वरच्या मजल्यावर नमुन्यांच्या खोलीत रोज नवं फूल काढायला बसवलं. एक टेबल, एक खुर्ची, दोऱ्यांचं कपाट. काम तिच्या हाताजोगतं होतं, पण सकाळपासून संध्याकाळपर्यंत बोलायला चिटपाखरू नव्हतं. नमुना न्यायला माणूस यायचा, तोही दारातूनच परत फिरायचा. डब्याच्या सुटीत खालून हसणं ऐकू यायचं.

दोन महिन्यांनी ती डबा घेऊन खाली उतरली. एकीनं बाकावर सरकून जागा दिली आणि नव्या फुलाचा देठ फार बोटं दुखवतो अशी तक्रार केली. थोरलीनं सुई कशी तिरपी धरायची ते दाखवलं.

"उद्यापण हेच फूल का?"

"तुमच्याकडे हेच," थोरली म्हणाली.

मग बोलणं कुणाच्या तरी पोराच्या परीक्षेकडे वळलं. ती ऐकत राहिली. घंटा झाली तशी डबा धुऊन जिना चढली.