बोराटीचा मुकुट

हेमराजच्या घराला सागाचं जाडजूड दार होतं आणि त्या दारासमोरून जाताना लटारू दरवेळी थुंकायचा. उघड नाही, तोंड फिरवून; पण थुंकायचा.

आलापल्लीकडच्या त्या गावात ख्रिस्ती घरं मोजकीच, आणि हेमराज त्यांचा पंच. काही वर्षांपूर्वी त्यानं दारासाठी जंगलातला साग चोरून पाडला. ओंडके ओढायला लटारूच्या धाकट्या भावाला, बिरजूला, सोबत नेलं. पावसाळ्यात जंगलखात्याची गाडी चौकशीला आली तेव्हा हेमराजनं सरळ बिरजूकडे बोट दाखवलं. पोरगं घाबरून पळालं ते पूर आलेल्या नदीत उतरलं. पाणी ओसरल्यावर खालच्या अंगाला झुडपात सापडलं. ओंडके मात्र कोणाला सापडले नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात त्यांचं दार झालं.

ते बोट लटारूनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. आणखीही कोणीकोणी पाहिलं असेल, पण पंचाशी वाकडं कोण घेणार? सगळे मूग गिळून बसले. मयतीच्या दिवशी सर्वांत मोठ्यानं गीत हेमराजनंच गायलं. चोर तो चोर, वर शिरजोर. बिरजूच्या कबरीवर बांबूच्या दोन काड्यांचा क्रूस होता, तोही वाळवीनं खाल्ला.

यंदा ख्रिस्ती मंडळीनं उत्तम शुक्रवारी, गुड फ्रायडेला, दुपारी आपल्या देवळाच्या आवारात येशूच्या दुःखसहनाचं नाटक करायचं ठरवलं. झाडीपट्टीच्या नाटकांत हेमराज वर्षानुवर्षं राजा झालेला, तेव्हा येशूही तोच होणार हे ओघानं आलंच. लटारूला मुकुट घालणाऱ्या शिपायाचं काम मिळालं.

तालमीत मंडळीचे धर्मगुरू, पाळक देवाजी, सगळ्यांना समोर बसवून शास्त्र समजावून सांगायचे. "लोकायनं देवापाशी राजा मागितला. देव म्हणे, राजा तुमचे पोरं नेईल, वावरं नेईल. तरी त्याइले राजाच पायजे. मंग देव सोताच राजा होऊन आला. त्यानं कोनाचं पोरगं नेलं नाई, आपलाच जीव देल्ला."

"राजा तुमचे पोरं नेईल" हे ऐकताना लटारू हेमराजकडे बघत होता. हेमराज मान डोलवत होता.

"पन शेवटी तो लोखंडाचा दंड घेऊन येनार हाय न, पाळकभाऊ?" लटारूनं विचारलं. "पाप्याइले मडक्यावानी फोडनार हाय न?"

"येनार हाय. पन ते काम त्याचं हाय, लटारू. तुह्यं नाई."

पहिली गोष्ट लटारूला एकदम पटली. दुसरी त्यानं तिथंच सोडून दिली.

तालमीत मुकुट कापडाचा होता. खरा मुकुट करायचं लटारूनं आपणहून अंगावर घेतलं. गावातली निम्मी कुंपणं त्याच्याच हातची, काटेरी बोराटीच्या फांद्या त्याच्या हातात सुतासारख्या वळायच्या. काटे तासून बोथट करतो, असं त्यानं पाळकांना सांगितलं आणि एकही काटा तासला नाही. उलट, आत वळणारे काटे त्यानं निवडून घेतले.

त्याचा हिशेब सरळ होता. हेमराजचा राग नाकावर. एकदा मंडईच्या जत्रेतल्या नाटकात पुठ्ठ्याचा मुकुट घसरला, तर या राजानं भर स्टेजवर रंगभूषावाल्याच्या आईबहिणीचा उद्धार केला होता. बोराटी डोक्यात रुतली की तो बोंबलणार, शिव्या देणार, मुकुट फेकणार. सगळ्या गावासमोर त्याचं खरं थोबाड उघडं पडणार. लटारूला तेवढंच हवं होतं. तेवढ्यासाठी तो कितीतरी रात्री नीट झोपला नव्हता.

शुक्रवारी आवार भरून गेलं. हिंदू आले, बौद्ध आले. नाटक म्हटल्यावर झाडीतला माणूस घरी बसत नाही. पुढच्या चटईवर लटारूची आई आशाबाई बसली होती.

नाटकातल्या रोमी सुभेदारानं येशूला विचारलं, तू राजा आहेस काय? हेमराज भरदार आवाजात म्हणाला, "होय. सत्याची साक्ष देण्यासाठीच मी जन्माला आलो." बायकांनी डोळ्यांना पदर लावले. लटारूच्या अंगाची आग झाली.

त्यानं मुकुट घातला आणि दोन्ही हातांनी दाबला.

हेमराजचे डोळे पांढरे झाले. कपाळावरून रक्ताची धार नाकाशी आली. लटारू ओरडण्याची वाट बघत राहिला. हेमराज ओरडला नाही. ओठ न हलवता, फक्त लटारूला ऐकू जाईल असं म्हणाला, "दाब. बिरजूकडे बोट मीच दाखोलं. दाब अजून."

लटारूचे हात थांबले. खाली कोणीतरी हुंदका दिला, कोणी हात जोडले. त्याच्या हातच्या काट्यांनी हा माणूस संत होऊन बसला होता, आणि कबुली ऐकली होती ती एकट्या लटारूनं. असा संताप त्याला नदीकाठीही आला नव्हता.

आता शिपायानं गुडघे टेकून राजाची थट्टा करायची होती. लटारूनं गुडघे टेकले. "राजाधिराजाचा विजय असो," तो म्हणाला, आणि मग नाटकात नव्हतं ते बोलला. "राजा हायेस न? साक्ष द्याले आलास न? मंग मोठ्यानं दे. माही माय समोर बसली हाय."

पाळक बाजूला उठून उभे राहिले. हेमराजनं एकदा आशाबाईकडे पाहिलं. मग सगळ्या आवाराला ऐकू जाईल असं तो म्हणाला, "साग मीनं तोडला. बिरजूचं नाव मीनं घेतलं. त्याले मीनं मारलं." आवाज राजाचा नव्हता, चिरकलेला होता.

आशाबाई उठली. लोकांनी वाट दिली. ती हेमराजसमोर जाऊन उभी राहिली आणि बराच वेळ त्या रक्ताकडे बघत राहिली. आता ही थोबाडीत देणार, असं सगळ्यांनाच वाटलं.

"तुह्यं दार काढ," ती म्हणाली. "माह्या पोराच्या कबरीले सागाचा क्रूस पायजे."

उन्हं कलली तेव्हा लटारू पहार घेऊन त्या घराशी पोचला. हेमराज दाराला खांदा लावून आधीच उभा होता, मुकुट अजून डोक्यावर तसाच. तो लटारूनं काढला नाही. बिजागऱ्या उचकटून निघाल्या, दार दोघांच्या खांद्यांवर आलं, आणि दोघं नदीच्या वाटेनं कबरस्तानाकडे निघाले. मागं हेमराजचं घर सताड उघडं पडलं होतं. लटारूनं वळून ते मन भरेपर्यंत पाहून घेतलं.