सोमवारचा ठसा

मित्रांनो, तुमच्या मुठीत सहज मावेन असा मी एक जुना तारखेचा शिक्का आहे. माझी मूठ लाकडी, सांगाडा पितळी आणि पोटात रबराचे तीन पट्टे: दिवसाचा, महिन्याचा व वर्षाचा. वर्षाच्या पट्ट्यावरचे आकडे संपल्यामुळे आता मी खणात पडून असतो. परंतु मी जे पाहिले, त्याचे नवल अजून ओसरलेले नाही.

काचेच्या बाटल्यांच्या एका कारखान्यात, आवक टपालाच्या टेबलावर माझी नेमणूक झाली. तिथल्या कारकूनबाईंचा दंडक कडक होता. समोर आलेल्या प्रत्येक कागदावर आधी माझा ठसा, मग नोंदवहीत क्रमांक आणि त्यानंतरच वाचन. वाचून शिक्का मारू लागले तर उद्या तोंड बघून मारेन, असे त्या म्हणत. यावरून त्यांची थट्टाही होई. बाईंसमोर जेवणाचा डबा ठेवला तर त्यावरही आवक क्रमांक पडेल, असे लोक म्हणत.

एकदा भट्टीवरच्या मिस्त्रींच्या पाळीतला सगळा माल तडकला. निष्काळजीपणाचा आरोप ठेवून त्यांना नोटीस देण्यात आली. नियम स्पष्ट होता: आरोप लेखी कळवायचा, उत्तरासाठी सात दिवस द्यायचे, बाहेरच्या चौकशी अधिकाऱ्यासमोर म्हणणे ऐकायचे आणि मगच निर्णय घ्यायचा. सुनावणी गुरुवारी होती. मिस्त्रींची एकवीस वर्षे त्या धगीत गेली होती. दुसरे कुठले काम त्यांना येत नव्हते.

सोमवारी वरच्या मजल्यावरून कागदांचा गठ्ठा आला. बाईंनी ठसे उमटवले, क्रमांक घातले आणि वाचायला घेतले. तिसऱ्या कागदावर त्यांची नजर खिळली. तो मिस्त्रींना कामावरून काढल्याचा हुकूम होता, खाली व्यवस्थापकांची सही. वर गुरुवारची तारीख टाइप केलेली आणि तिच्या शेजारी माझा ठसठशीत सोमवार! सुनावणीनंतर पाठवायचा कागद कुणाच्या तरी घाईने आधीच खाली उतरला होता.

थोड्याच वेळात व्यवस्थापकही उतरले. त्यांनी आधी समजावले, मग बाईंच्या रखडलेल्या बढतीचा विषय काढला आणि शेवटी मलाच उचलून त्यांच्यापुढे धरले.

"नोंदवहीचं ते पान नव्यानं लिहा, नव्या कागदावर गुरुवारचा शिक्का मारा. आणि त्याच्यासाठी एवढं कशाला, बाई? तुमचा त्याचा तर छत्तीसचा आकडा."

"आहेच. वर्षभर बोलत नाही आम्ही. साहेब, हा पट्टा मागंपुढं कसाही फिरतो. पण सोमवारपर्यंत तुम्ही त्याचं ऐकलंच नव्हतं, ते कसं फिरवू?"

बोटाचा एक धक्का, आणि मी खोटा ठरलो असतो. बाईंनी मला त्यांच्या हातातून घेतले आणि जागेवर ठेवले.

गुरुवारी त्या स्वतः तो हुकूम आणि नोंदवही घेऊन सुनावणीला गेल्या. चौकशी अधिकाऱ्यांनी ठसा पाहिला, क्रमांक पाहिला, आणि चष्मा काढून ते व्यवस्थापकांकडे वळले.

"शिक्षा लिहून झालीय. मग मी इथं कुणाचं ऐकायला बसलोय?"

हुकूम रद्द झाला. चौकशी नव्याने झाली. साक्षीदार आले, मिस्त्री दोन तास बोलले. भट्टीचा तापमापक बिघडलेला निघाला. मात्र तो रोज तपासण्यात मिस्त्रींचीही कसूर झाली होती. त्यांना लेखी ताकीद मिळाली, नोकरी राहिली.

मी थक्क होतो तो इथेच. निर्दोष माणसाचे ऐकावे, हे कुणीही मान्य करील. परंतु ज्याच्याकडून चूक घडली आहे, त्यालाही "तुमचं म्हणणं काय?" असे आधी विचारावे लागते, आणि त्या तीन शब्दांपुढे एवढा मोठा कारखाना थांबतो!

कामावर परतल्या दिवशी मिस्त्री बाईंच्या टेबलाशी घुटमळले. नोकरी वाचवलीत, असे काहीसे पुटपुटले.

"मी काही वाचवलं नाही," बाई मान वर न करता म्हणाल्या. "साहेबांना तुम्हाला विचारायला लावलं. बोललात तुम्ही."

मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल, कुणाला कामावर ठेवाल, कुणाला काढण्याची वेळही येईल. तेव्हा त्या माणसाला समोर बसवा, आणि त्याचे बोलणे संपेपर्यंत लेखणीला हात लावू नका.