डोंग्यातलं ओझं

मनोजनं कुऱ्हाडीचा पहिला घाव माझ्या चुलीवर घातला. पत्र्याचा डबा कापून, आतून माती लिंपून केलेली चूल. एका घावात तिचे दोन तुकडे झाले आणि निखारे डोंगाभर उडाले. उतरवून बाजूला ठेवलेलं मरळीचं कालवण तेवढं वाचलं.

"अबे, डोळे फुटले का तुये?" मी ओरडले.

"चंद्रभानशेठचा हुकूम हाय. आजपासून या पाण्यावर तुमचा डोंगा दिसला नाई पाहिजे. उतरा."

"कुठं उतरू? तुया मढ्यावर?"

भर सकाळी तोंडाला दारूचा भपका. त्याची इंजिनची बोट आमच्या डोंग्याला खेटून उभी होती आणि काठ लांब होता. हा मनोज काही परका नव्हे, आमच्याच बुडालेल्या गावचा, माणिकबाईचा एकुलता एक. आता मासेमारीच्या ठेकेदाराच्या, त्या चंद्रभानच्या, जिवावर उड्या मारत होता मेला.

माझा नवरा सहदेव. नाव घेतलं म्हणून माझी जीभ काही झडत नाही. धरणात गाव जायच्या आधी त्यांनी घराची दारं, फळ्या, तुळया काढल्या, डांबर लावून हा डोंगा बांधला आणि वर ताडपत्री टाकली. नव्या वस्तीत मिळालेली जागा दिरानं घशात घातली, तेव्हापासून आम्ही पाण्यावरच. स्वयंपाक, झोप, जाळी विणणं, भांडणं, सगळं त्या डोंग्यात. पोरगी प्रणाली अकोल्याला जठारपेठेत दिली आहे. ती रोज फोनवर म्हणते, या इकडे. सहदेव म्हणतात, जावयाच्या दारात बसून तुकडे मोडणार नाही. पण डोंगा गेला तर दुसरं दार नव्हतंच आम्हाला.

चंद्रभानचा राग कशाचा, तेही सांगते. त्याची माणसं पाण्यात सुरुंगाचे बार उडवून मासे मारतात. मोठे उचलून नेतात आणि बोटाएवढी पिल्लं पांढरी पोटं वर करून तरंगत राहतात. मागच्या आठवड्यात सहदेवनी ती पिल्लं बादलीत गोळा केली आणि भर वस्तीत चंद्रभानच्या ओट्यावर नेऊन ओतली. बोलले एक शब्द नाहीत. माझा माणूस असाच आहे, बोलायचं तेव्हा मुका आणि नको तिथे हट्टी.

त्या सकाळी सहदेव कुऱ्हाडीला आडवे आले तर मनोजनं कुऱ्हाडीचा दांडा त्यांच्या तोंडावर हाणला. दात पडले, धोतरावर रक्त सांडलं. मग त्या राक्षसानं डोंग्याच्या बुडावर घावांवर घाव घातले. फळी फुटली आणि पाणी बुडबुडत वर आलं. माझं डोकंच फिरलं. मी कालवणाचं गरम पातेलं उचललं आणि त्याच्या तोंडावर भिरकावलं.

तो बोंबलत आपल्या बोटीत जाऊन पडला. उठून बोट थोडी दूर नेली आणि वळला तेव्हा त्याच्या हातात सुरुंगाची कांडी होती, वात पेटलेली.

"थांबा, आता डोंगाच उडवतो!"

वात आखूड होती की दारूत त्याला भान नव्हतं, देव जाणे. बार त्याच्या हातातच उडाला. कानात शिट्टी वाजली, तोंडावर पाणी आणि लाकडाच्या चिपा आल्या. पाहते तर बोट उभी चिरलेली, आणि तो पाण्यात. आजूबाजूचं पाणी लाल होत चाललं होतं.

सहदेवनी उडी टाकली.

"मरू द्या त्याले!" मी किंचाळले. "अवो, आपलाच डोंगा बुडून राहिला!"

त्यांनी त्याला केस धरून ओढत आणलं. वर घेतल्यावर मी पाहिलं, उजवा हात मनगटापासून नव्हताच. मी लुगड्याचा काठ फाडला आणि दंडाला करकचून बांधला. हात माझेच होते, पण मन अजिबात नव्हतं, खोटं कशाला बोलू?

भोकात गोधडी कोंबली तरी पाणी थांबेना. सहदेव वल्हं मारत होते, मी डब्यानं पाणी उपसत होते. डोंग्याची कड पाण्याला टेकायला आली.

"वजन कमी कर," सहदेव रक्त थुंकत म्हणाले.

"सगळ्यात जड तर हाच हाय. फेकू का?"

त्यांनी वल्हं थांबवलं. "माणिकबाईले काय सांगू? भांडे वाचवले म्हणून?"

मग मी फेकायला लागले. ज्वारीचं पोतं ढकललं. तेलाचा डबा, पाटा, लोखंडी पेटी, नवी जाळी. आईनं दिलेली पितळेची परात, ताटं, गडवे. एकेक वस्तू पाण्यात टाकली आणि प्रत्येकीबरोबर मनोजला एक शिवी दिली, अशी की तिथले मासेही लाजले असतील. डोंग्यातच पाळलेल्या कोंबडीचा बांधलेला पाय सोडला तर ती जाऊन त्याच्याच छातीवर बसली. त्याही वेळी मला हसू फुटलं आणि मग रडूच आवरेना. माझा संसार होता तो, माय! कुणी लुटला असता तर शाप तरी दिला असता. मी माझ्याच हातानं बुडवत होते.

काठ आला. माणसं धावली आणि मनोजला उचलून अमरावतीला घेऊन गेली. बाकीच्यांनी डोंगा ओढायला दोर लावला, पण घाव बसलेल्या ठिकाणी तो कडकन मोडला आणि अर्धा पाण्यात राहिला. सहदेव चिखलात उभे राहून त्याच्याकडे पाहत होते. मी बोलवलं तरी हलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी माणिकबाई आली. आम्ही काठावर ताडपत्रीच्या सावलीत बसलो होतो. पोरगा जगला होता. ती सहदेवच्या पाया पडायला वाकली, तसे त्यांनी पाय मागे घेतले.

"कुठं जासान आता?" तिनं विचारलं.

प्रणाली गाडी करून निघाली होती, संध्याकाळपर्यंत पोचणार होती.

माणिकबाईनं फडकं सोडलं. आत गरम भाकरी आणि ठेचा होता.

"ताट दे वं, जमुना."

"ताट नाई," मी म्हणाले. का नाही, ते तोंडाशी आलं होतं. तिचा चेहरा पाहिला आणि गिळून टाकलं. जन्मात कुणापुढं पदर पसरला नव्हता, तेव्हाही पसरला नाही. तळहात पुढे केला. तिनं त्यावर भाकर ठेवली. सहदेवच्या फुटलेल्या ओठांना टोचू नये म्हणून मी ती पाण्यात भिजवली आणि बारीक घास करून त्यांना भरवायला लागले.