मोकळ्या हवेचा बंगला

"ते घरात न्हाईत, मामा. दौंडला गेल्यात," हनुमंतराव ड्रायव्हरांच्या पूनमवहिनी गॅलरीतूनच म्हणाल्या.

मी अजून सायकलवरून उतरलोही नव्हतो. दौंडहूनच तर आलो होतो. सात किलोमीटर, समोरून वारा आणि कुरकुंभ रोडच्या ट्रकांचा धूर.

"कशाला गेल्यात?"

"स्वप्नालीला क्लासला सोडाया. मग भाजी घेतील, पेट्रोल भरतील. हितं काय मिळतंय?"

हितं काही मिळत नाही, हे त्या अशा तोऱ्यात बोलल्या की मला कीवच आली.

मी म्हाळू, रेल्वेचा कॉलबॉय. वय पंचावन्न, तरी बॉय. गाडीच्या दोन तास आधी ड्रायव्हरच्या दारात जायचं, कॉलबुक पुढं करायचं, वेळ घालून सही घ्यायची. सही त्याचीच लागते, बायकापोरांची चालत नाही. एकोणतीस वर्षांत माझा एकही कॉल लेट नव्हता. रिटायर होईपर्यंत तो होऊ नये, एवढीच माझी इच्छा.

पूर्वी सगळे ड्रायव्हर स्टेशनमागच्या क्वार्टरमध्ये राहायचे. अर्ध्या तासात पंधरा कॉल देऊन मी चहाला मोकळा. मग एकेकाला बंगल्याची खाज सुटली. हनुमंतरावांनी माळावर प्लॉट घेतला, का तर मोकळी हवा. त्यांचं बघून एक गोपाळवाडीकडं गेला, दुसरा लिंगाळीकडं, तिसरा भलतीकडंच. पोट बिघडलेल्या म्हशीनं शेण टाकावं तसं गाव पसरलं. आता दुधाला गाडी, दाढीला गाडी. हवेसाठी लांब गेलेली ही शहाणी माणसं दिवसभर धूर काढत परत गावातच येतात.

साहेब म्हणाले होते, "म्हाळू, लांबच्या कॉलला जीप लावतो. तू स्टेशनवर ड्रायव्हरांच्या लॉबीत पाणी भर." मी म्हटलं, सायकल पुरते. हट्टच होता माझा.

"बसा की मामा, येतीलच," वहिनी म्हणाल्या.

मी बसलो, तिथंच चुकलं. दोनची गाडी, म्हणजे बाराला सही हवी. बारा वाजले, सव्वाबारा झाले. शेवटी उठलो आणि वहिनींनी दिलेलं उरलेलं पाणी पिऊन पायडल मारत परत आलो.

स्टेशनच्या गेटसमोर पानाच्या टपरीवर हनुमंतराव उभे होते. मोटारसायकल चालूच होती, बंद करायचाही कंटाळा. जिथून मी निघालो ती लॉबी तिथून पन्नास पावलांवर.

"मामा, उन्हाचं कुठं हिंडताय? मी तासभर हितंच हाय की."

"तुमच्या घरी गेलतो. दोनच्या गाडीचा कॉल हाय."

त्यांनी पान गालात सरकवून सही केली. वेळ घातली, एक वाजून पाच मिनिटं. गाडी वेळेवर सुटली, पण बुकात कॉल लेट लागला आणि मेमो माझ्या नावानं निघाला. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? त्या रात्री मी जेवलो नाही.

सोमवारपासून जीप जाते. मी लॉबीत पाणी भरतो.

"आता बरं हाय की मामा," हनुमंतराव म्हणतात. "सावलीत बसून पगार."



अकरा वाजले की बाहेर जीप सुरू होते, एका माणसाच्या सहीसाठी. माझे पाय आपोआप उठतात. समोर बसलेल्यांना वाटतं, म्हाळू पाणी द्यायलाच उठला. ते ग्लास पुढं करतात आणि मी भरून देतो.