तळ्यातला मुकादम

सरका जरा, पाठ टेकू द्या. एस्टीला अजून तासभर हाय, तवर आसारामच्या मरळीची गोष्ट सांगतो. हसाल बी, आन घरी जेवाय बसल्यावर आठवंल बी.

तर दुपारची वेळ. आसाराम अंगणातल्या हौदाकाठी उकिडवा बसलेला. हौदात मरळ, साडेतीन किलोची, काळीभोर, तोंड सापासारखं. धारूरच्या डोंगराखालच्या तळ्यात तीन वर्षं हिनं त्याला झुलवलं. गळाची बेडकी खायची आणि पसार व्हायची. सापडली ती नेमकी वेळेवर. लेक सुरेखा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, आणि उद्या तिचे सासरे, बंकट मुकादम, शिरूर कासारहून तिला भेटायला येणार.

आसारामच्या घरची रीत अशी, की व्याही आला की मरळीचं डोकं त्याच्या ताटात. पाठीचा मऊ तुकडा गरवार लेकीला. बारकी मासळी घरच्यांनी खायची. आता आसारामनं तीस वर्षं ऊस तोडला तो ह्याच बंकट मुकादमाच्या टोळीत. ज्याच्यापुढं फडात मान वर केली न्हाई, त्याच्या ताटात आपल्या हातानं धरलेल्या मरळीचं डोकं पडायचं, म्हणजे गडी दोन दिवस हवेतच होता.

तेवढ्यात दारात स्कूटी थांबली. तलवाड्याची प्रियदर्शनी, संभाजीनगरला मोठ्या कॉलेजात शिकते. उन्हाळ्यात तळ्यातले मासे तपासायला घेऊन गेली होती.

"या बाई, या. पास झाले का आमचे मासे?" आसारामनं विचारलं.

"बारके झाले, मामा. मरळ नापास. मरळीत पारा निघाला."

"चढला आसंल. तीन वर्सं मी तिच्या मागं लागलो हुतो."

पोरगी हसली, पण ओसरीवर सुरेखाचं पोट बघून तिचं हसू मावळलं. "मामा, ताईला मरळ देऊ नका. पोटातल्या लेकराच्या मेंदूला धोका असतो."

आसारामची बायको छबुबाई चुलीपासून उठून आली. "पाऱ्याला काय भ्यायचं, बाई? पाऱ्याच्या गोळ्या आमी ज्वारीच्या कणगीत टाकतो. वरीसभर किडा लागत न्हाई."

"किडा कावून लागत न्हाई, मावशी?"

"मरतो म्हनून."

असं म्हणाली आणि छबुबाईच थांबली. लेकीकडं बघितलं. मग पदरानं हात पुसत खाली बसली.

आसाराम मात्र हटला न्हाई. "आपल्याकडं ना कारखाना, ना चिमणी. पारा आला कुठून?"

"वारा काय तालुक्याची शीव बघतो का, मामा? लांब कुठं बी कोळसा जळला, की त्यातला पारा धुरासंगं आभाळात जातो. मग डोंगरातल्या झाडांच्या पानावर बसतो. पानं गळत्यात, पाऊस येतो, सगळं वगळीनं, ओढ्यानं तळ्यात. तिथं चिखलात मुरतो आन लई वंगाळ हुतो. चिखलातून किड्यात, किड्यातून झिंग्यात, झिंग्यातून बारक्या माशात. आन त्या सगळ्या बारक्यांना मरळ खाती. जेवढी मोठी, जेवढी म्हातारी, तेवढा जास्त."

"उकळून जाईल की."

"मासात मुरलेला असतो. कितीबी उकळा."

आसारामनं हौदाकडं बघितलं. मरळ वर आली, हवेचा घोट घेऊन खाली गेली. त्यानं एवढंच विचारलं, "मग मुकादमाला काय वाडू?"

पोरगी गेल्यावर छबुबाईनं तोड काढली. "लेकीला नगं, पर व्याह्याला वाडा की. त्यांच्या पोटात कुठं लेकरू हाय?"

"पोट बघितलं न्हाईस का त्यांचं? नववा भरलाय."

दोघं पोट धरून हसली. मग आसाराम म्हणाला, "न्हाई गं. जे माज्या लेकीला नगं, ते दुसऱ्याला कसं वाडू?"

दुसऱ्या दिवशी मुकादम आले. पांढरी टोपी, बोटात दोन अंगठ्या. हातपाय धुताना हौदातली मरळ बघून खूश झाले. ताट आलं तर बाजरीची भाकरी, आणि कालवणात बोटाबोटाएवढी मासळी. मुकादमांनी ताट बघितलं, हौद बघितला.

"आसाराम, हौदात मरळ फिरती आन ताटात बालवाडी? मरळ काय पुजायला ठिवली?"

आसारामच्या कपाळाला घाम. रात्रभर घोकलेलं सगळं विसरला. पोरीनं सांगितलेलं कसंबसं सांगत सुटला. धूर, पानं, पाऊस, चिखल, झिंगे. मुकादम नुसते बघतायत. आसारामला वाटलं, ह्यांना कळंना, सोपं करून सांगावं. "आसं बगा पाव्हणं, मरळ म्हंजे तळ्याची मुकादम. राबायचं कुनी बी, सगळं शेवटी तिच्याच पोटात."

बोलून गेल्यावर त्याच्या ध्यानात आलं. छबुबाईनं तोंडात पदर कोंबला. सुरेखा आत जाऊन भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. मुकादमांचा घास हातातच.

"तीस वर्सं माज्या टोळीत हुतास," मुकादम सावकाश म्हणाले. "येकदा बी आसं बोलला न्हाईस बे."

"तवा कामावर हुतो."

"आन आता?"

"आता व्याही हाय."

मुकादमांचं पोट आधी हललं. मग खांदे. मग असे हसले, की टोपी खाली पडली. ताट पुढं करून म्हणाले, "वाड मग बारकीच, आन डोक्यासगट वाड. येका मरळीला येकच डोकं, हितं धा मिळतील. आन सूनबाईला बी हेच द्या. मरळीचं नाव काडू नका."

सगळं गोड झालं बघा. पुसाच्या महिन्यात नात झाली, संस्कृती. अशी टणटणीत, की रडली की तळ्यापलीकडं ऐकू जातं. मरळ प्रियदर्शनीनं बर्फाच्या पेटीत घालून तपासायला नेली. जाताना आसारामचे आन गावातल्या लोकांचे चार-चार केस बी नेले. केसावरून माणसाच्या अंगातला पारा कळतो म्हणे. सगळ्या गावात त्याचाच जास्त निघाला. आयुष्यभर मरळ खाल्ली ना. पण गडी सांगत फिरला, "चौथीत नापास झालो, ह्यात पयला आलो." परवा चहाची कपबशी धरली तर जरा वाजली. डाक्टर म्हणतो, वयानं बी आसंल. आसारामनं कप दोन्ही हातांनी धरला आणि दुसराच विषय काढला.

आता तो फक्त बारकी मासळी धरतो. रोज सकाळी तळ्याच्या भिंतीवर मासळीची पाटी घेऊन बसतो. लोकं लांबून येतात, मरळीचं नाव ऐकून. न्हाई म्हणताना त्याचा चेहरा बघवत न्हाई.

तुमी धारूरलाच चाललात न्हवं? मग येवढं करा. तळ्यापाशी उतरा, त्याच्याकडून पावशेर घ्या. मरळ मागू नका. बारकीच मागा, आन मागताना, आमाला बारकीच लागती, आसं जरा मोठ्यानं म्हना.