मावशी दुसऱ्यांदा गेली तेव्हा

"अक्का, अम्मा गेली," नागोजी फोनवर म्हणाला. "सकाळी कॉफी मागिटली. घेऊन आलों तं बोलतच नाही. तूं ये लवकर."

कमलिनी कोर्टाच्या व्हरांड्यात काळ्या कोटात उभी होती आणि आत तिच्याच केसचा पुकारा होत होता. नागोजीची अम्मा म्हणजे तिची कनकामावशी. आई शाळेत शिकवायला जायची, तेव्हा कमलिनी या मावशीच्याच मांडीवर वाढली होती.

एरवी अशा वेळी वकिलाने उठावं, घरात मयत झालं म्हणावं आणि पुढची तारीख घेऊन निघावं. पण या कोर्टाच्या लेखी कनकामावशी मागच्याच वर्षी वारली होती.

कमलिनीची आई गेली तेव्हा तारीख मिळाली. वडील गेले तेव्हाही मिळाली. विरुद्ध बाजूचे शेषाद्री वकील दोन्ही वेळा आपणहून 'हरकत नाही' म्हणाले होते. मग एकदा तिचा साक्षीदार ऐन वेळी आलाच नाही, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, की मावशी गेली. जीभ जरासुद्धा अडखळली नाही. शेषाद्री तर भेटायला घरी येणार होते, तिनेच कसंबसं टाळलं. त्या रात्री मावशीने वाढलेलं सांबार तिच्या घशाखाली उतरेना. पण शेवटी उतरलं.

आता ती जज्जांपुढे उभी राहिली. तारीख मिळाली नाही आणि आज उलटतपासणीही झाली नाही, तर तिच्या अशिलाचं, विजयलक्ष्मीबाईंचं, जॉर्ज टाउनमधलं दुकान हातचं जाणार होतं.

"सर, घरी अडचण आहे. तारीख मिळावी."

"आता तारीख नाही, असं मी मागेच बजावलं होतं. पण मयत झालं असेल तर सांगा, देतो. कोण गेलं?"

शेषाद्री अर्धवट उठले, चष्मा काढून हळूच म्हणाले, "अरेरे. आई, वडील, मग मावशी. आता कोण उरलंय हो तुमचं, मॅडम?"

त्यांनी टोमणा मारला असता तर तिला सोसला असता. म्हातारा खरोखरच कळवळला होता.

"कोणी गेलं नाही, सर," कमलिनी म्हणाली. "मी तयार आहे."

उलटतपासणी तिने अशी घेतली, की साक्षीदाराला घाम फुटला. फोन पर्समध्ये मधूनमधून थरथरत होता. अशा वेळीही आपल्याला एकामागून एक प्रश्न सुचतात, याची तिला लाज वाटत होती.

ती वेस्ट मांबलमला मावशीच्या घरी पोचली तेव्हा सगळं घर धुऊन काढलेलं होतं. नागोजी स्मशानातून परतून ओल्या धोतरानेच दारात उभा होता.

"राहुकाळ लागेपर्यंत थांबलों, अक्का. मग सगळे न्या म्हणाले." त्याने डोळे पुसले. "शेवटी तोंडात तांदूळ घालतात नव्हे, तुझ्या वाटणीचे मीच घातलों. कमलिनी घालते म्हणून अम्माला सांगलों."

कमलिनीला त्याच्याकडे बघवेना.

"तूं रजा मागिटली नाहीस कां?" त्याने विचारलं. आवाजात राग नव्हता.

इथे तरी खरं बोलावं, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"मागिटली," ती म्हणाली. "दिली नाही."

"त्या जज्जाला आई नाही काय," असं पुटपुटत नागोजीने तिच्या हातातली बॅग घेतली आणि तिच्या न्हाण्याचं पाणी तापवायला तो आत गेला.